पाठीवरचा गेरू

घाडीगावकरांची तुळस त्या वर्षी पुट्टीच्या गोणीवर चढून नवरी झाली. मुलुंडच्या मिठागर रोडवरचं ते दुसऱ्या माळ्यावरचं घर तेव्हा निम्मं मोडलेलं आणि पाव भाग जोडलेलं होतं. बसायला खुर्ची नव्हती, आतल्या खोलीत दिवा नव्हता, न्हाणीघराला दाराऐवजी सतरंजी टांगली होती. तरी तुळशीचं लग्न लागेल तर स्वतःच्याच घरात, असं प्रेमाने वाकोल्याहून फोनवर बजावलं होतं. प्रेमा बजावायला लागली की फोन इतका तापतो की त्यावर पापड भाजून घ्यावा, असं तिचा धाकटा सौरभ शपथेवर सांगायचा. त्याने एकदा भाजलाही होता म्हणे. उडदाचा.

घर दुरुस्तीला काढलं तेव्हा नवराबायकोची वाटणी झाली होती. धाकू घाटकोपरला थोरल्या नंदूकडे, कारण तिथे एकच दिवाण रिकामा होता. आणि प्रेमा वाकोल्याला नणंदेकडे, कारण सुंदराबाईचे गुडघे आता एकटीचं ऐकत नव्हते. थोड्या दिवसांची गोष्ट, असं सगळेच म्हणाले. दुरुस्तीचे थोडे दिवस कसे असतात ते ज्याने घर काढलंय त्याला विचारावं. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळीचे कंदील उतरले, आणि अजून मोरीचा नळ भिंतीतून नुसता तोंड बाहेर काढून बघत होता.

रोज दिवेलागणीला धाकूचा फोन यायचा.

"कशी आहेस?"

"मजेत. तुम्ही?"

"मी पण मजेत."

एवढं झालं की दोघं फोन कानाला लावून एकमेकांच्या घरातल्या पंख्यांचा आवाज ऐकत बसायची. मग कुणीतरी "बरं, ठेवतो" म्हणायचं. कोण म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं, पण ते म्हणेपर्यंत बराच पंखा फिरलेला असायचा.

आणि भाऊबीजेला थोरल्या सुनेच्या, दीप्तीच्या तोंडून ते निसटलं. "नंदू म्हणत होता, आता असंच राहिलं तर काय वाईट? बाबा आमच्याकडे रुळलेत, तुमचं आत्यांकडे छान चाललंय. हे घर नीट करून भाड्याने देऊन टाकू."

तेव्हापासून प्रेमाला फराळाची चव लागली नव्हती. आणि म्हणूनच भिंतीच्या रंगाचा एवढा घोळ झाला होता. नंदूने रंगारी अंबादासला हॉलच्या भिंतीवर तीन पट्टे ओढायला सांगितलं होतं: एक पांढरा, एक राखाडी, एक त्याहून राखाडी. भाडेकरूंना असलेच रंग आवडतात म्हणे. धाकटी सून श्वेता, जिचं काम दिवसभर लोकांना फरशा आणि रंग दाखवायचं, ती म्हणत होती की वीटकरी घ्या, गेरूसारखा, मातीसारखा. घरात शिरल्यावर कुणीतरी गरम पोळी पुढे केल्यासारखं वाटेल. सौरभ दोघांनाही "हो ना" म्हणत होता. सगळ्यांना वाटत होतं की भांडण रंगाचं आहे. प्रेमाला पक्कं ठाऊक होतं की राखाडी लागला की घर भाडेकरूचं, आणि ती वाकोल्याची. कायमची.

आज संध्याकाळी लग्न, आणि लग्नानंतर रंग ठरायचा होता.

*

दुपारी दोघी नणंदा-भावजया सगळ्यांच्या आधी येऊन तुळशीची कुंडी रंगवत बसल्या. सुंदराबाईने गावाहून मागवलेला गेरू आणला होता. मूठभर पुरला असता, तिने पिशवीभर आणला होता. सुंदराबाईला मूठ हे माप माहीतच नव्हतं. कुंडीला दोन हात देऊन झाले, वर चुन्याची नक्षी झाली, तरी बादलीत गेरू अर्ध्यावर.

सुंदराबाई भिंतीवरच्या तीन पट्ट्यांकडे बघत बसली.

"ह्यो रंग," ती म्हणाली, "मोतीबिंदू काढूच्या आधी माका सगळीकडे फुकट दिसायचो. नंदू तो इकत घेवन भिंतीक लावता?"

प्रेमा हसली आणि बादलीतला गेरू ढवळायला लागली.

"वन्सं, वीतभर लावून बघूया का? आतल्या खोलीत? नुसतं दिसतं कसं ते."

"वीतभर लाव. माझां काय जाता."

आतली खोली म्हणजे धाकू-प्रेमाची खोली. पश्चिमेची खिडकी. प्रेमाने जुन्या साडीचा बोळा बुडवला आणि पुट्टीच्या पांढऱ्या भिंतीवर वीतभर ओढला. वीतभर एकटाच कसा बरा दिसेल, म्हणून शेजारी आणखी वीतभर. मग सुंदराबाई गुडघ्यांना शिव्या देत उठली आणि खालून सुरू झाली. एकीचा हात वर पोचत होता, दुसरीची कंबर खाली वाकत नव्हती, त्यामुळे मधला भाग दोघींच्या वाट्याला दोनदा आला. बादली रिकामी झाली तेव्हा अख्खी भिंत लाल झालेली होती, आणि नेमकं तेव्हाच खिडकीतून उतरतं ऊन आलं.

काय झालं म्हणून सांगायचं! भिंत पेटली नाही, पण निखाऱ्यावरची राख फुंकावी तशी जागी झाली. छताला गुलाबी झाक आली. सुंदराबाईच्या पांढऱ्या केसांना अबोलीचा गजरा माळल्यासारखं वाटायला लागलं. प्रेमाला घाटकोपरच्या चाळीतली पहिली खोली आठवली, तिथली लाल कोब्याची जमीन, जी ती खोबरेल लावून इतकी घासायची की त्यात तोंड बघून कुंकू लावता यावं. आणि धाकू गिरणीच्या रंगखात्यातून यायचा तो हातही लाल घेऊन. चहाच्या पेल्यावर त्याची बोटं उमटायची. पेला विसळताना तिला वाईट वाटायचं.

सुंदराबाईने भिंतीवर बोट फिरवून बघितलं. बोट लाल.

"प्रेमा, खळ घातलंस काय गो?"

गावाला गेरूत भाताची खळ घालतात, मग तो भिंतीला धरतो. नाहीतर वाळल्यावर नुसती भुकटी. हे प्रेमाला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

"कुठची खळ? भात कुठे शिजवू? गॅस जोडलाय?"

"बोटाक लागता."

"आल्या आल्या सगळ्यांना सांगू, टेकू नका म्हणून."

तेवढ्यात बेल वाजली. बेल म्हणजे दोन उघड्या तारा, त्या जोडल्या की वाजायची. प्रेमा धावली, आणि सांगायचं ते त्या तारांच्या ठिणगीत उडून गेलं.

*

धाकू दारात उभा होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. दीप्तीने शर्टाबरोबर त्यालाही इस्त्री केल्यासारखा. बऱ्याच दिवसांनी समोर बघत होती प्रेमा.

"बारीक झालात."

"छे. मजेत आहे. तू?"

"मी पण मजेत."

पंखा नव्हता, म्हणून दोघं नुसतीच उभी राहिली. मग मागून नंदू ऊस घेऊन वर आला, पांढऱ्या झब्ब्यात, धापा टाकत. "आई, आधी बाबांना बसव. पहिल्या माळ्यावर थांबले होते."

"थांबलो तो तुझ्यासाठी," धाकू म्हणाला. "ऊस तुझ्यापेक्षा उंच."

घर भरलं. दीप्तीने चिंचा-आवळे काढले, श्वेताने चुरमुरे आणि गूळ. स्वयंपाकघरात पाय ठेवताच नंदू थबकला. श्वेताने त्याला न विचारता तिथे तांबडी फरशी घालून घेतली होती, खरखरीत, पाय न घसरणारी.

"हे काय? हॉटेल वाटतंय."

"आवडतं ना तुम्हाला हॉटेल, दादा?" श्वेता म्हणाली. "दर रविवारी जाता."

"जायला आवडतं गं. भाड्याने द्यायला नाही."

"पण द्यायचंय कुणाला?"

सौरभने एक आवळा तोंडात टाकला. आवळा तोंडात असला की माणसाला कुणाच्या बाजूने बोलावं लागत नाही.

तिकडे धाकू सुंदराबाईला आणि ऐकू जाईल त्या सगळ्यांना आपली गोष्ट सांगायला लागला होता. ही गोष्ट प्रेमाने लग्न झाल्यापासून ऐकली होती आणि एकदाही मान्य केली नव्हती. गिरणीत एकदा लाल रंगाची कढई अशी काही चढली की वरून उडणारी कबुतरं वाफ लागून गुंगली आणि कढईच्या काठावर येऊन बसली. पाय बुडाले. "त्याआधी मुंबईतल्या कबुतरांचे पाय पांढरे होते. हवं तर जुन्या माणसांना विचारा."

"जुनं माणूस तुम्हीच," प्रेमा सवयीने म्हणाली, आणि सगळे हसले. नंदू सगळ्यांत मोठ्याने हसला. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

आणि मग सुरू झालं ते "जरा आत ये."

ज्या घरात एकच दार लोटता येतं, तिथे सगळी खलबतं त्याच दाराआड होणार. सूर्य बुडाला होता, आतल्या खोलीत काळोख. आधी नंदूने सौरभला आत बोलावलं. ते बाहेर आल्यावर श्वेताने दीप्तीला ओढून नेलं. त्या बाहेर आल्यावर नंदू परत आत गेला, आणि या वेळी त्याच्या मागोमाग धाकू. दार लोटलं गेलं. प्रेमा तांदळाला हळद-कुंकू लावून अक्षता करत होती. त्या दारावरून तिचे डोळे हलत नव्हते. हाताखालचे तांदूळ कधीच लाल झाले होते तरी ती चोळतच होती.

दार उघडलं. धाकू बाहेर आला, तिच्याकडे न बघता. ते तिला आवडलं नाही.

*

लग्नाची तयारी झाली. गोणीवर तुळस, चारी बाजूंनी ऊस, समोर पाटावर नवरा, म्हणजे देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण, धोतर म्हणून नंदूचा रुमाल नेसलेला. मधे अंतरपाट. दोन टोकं दोन भावांनी धरली. धाकू मंगलाष्टकं म्हणायचा. त्यातली निम्मी भटजींची असत आणि निम्मी त्याची स्वतःची, ज्यांत मुलुंडचं पाणी, सुनांचा मान आणि नंदूचं पोट हे सगळं यमकात बसलेलं असे. हॉलला अंबादासने एक मोठा पिवळा बल्ब लावून दिला होता. सगळे तुळशीकडे तोंड करून उभे राहिले. प्रेमा अक्षतांचं ताट घेऊन मागे.

आणि मागून तिला दिसल्या पाठी.

पहिल्यांदा तिला वाटलं, उजेड. मग ती एक पाऊल पुढे झाली.

नंदूच्या पांढऱ्या झब्ब्यावर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत गेरूचा पट्टा. थोरला टेकला की पक्का टेकतो. सौरभच्या शर्टाला नुसता एक खांदा लागलेला. तो कधीच पुरता टेकत नाही, ना भिंतीला, ना कुणाच्या मताला. दीप्तीच्या हिरव्या पैठणीला कमरेशी लाल ढग. श्वेताच्या वेणीचं टोक लाल, आणि कोपर. आपण कुणाशी काय बोललो ते सगळ्यांनी पाठीवर लिहून घेतलं होतं आणि पाठीला डोळे नसल्यामुळे सगळे निवांत होते.

प्रेमाला हसू फुटणार, एवढ्यात नंदूच्या डाव्या खांद्याकडे लक्ष गेलं.

पंजा. लख्ख, पाची बोटांचा. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

ती करंगळी गिरणीच्या रुळात सापडली होती. असली करंगळी मुंबईत एकच. आणि धाकू पाठीवर थाप कधी मारतो तेही तिला ठाऊक होतं. कबूल केलं की. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांच्या पाठीवर मारली होती. अंबादासला काम दिलं तेव्हा मारली होती. धाकूची सही म्हणजे थाप.

तर हे ठरलं. काळोखात ठरलं.

"...शुभमंगल सावधान!" धाकू गर्जला. अक्षता पडल्या नाहीत. ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या राहिल्या होत्या; ताट तसंच प्रेमाच्या हातात.

"टाक गो अक्षता," सुंदराबाई कुजबुजली. "नवरो ताटकळलो."

"लग्न थांबवा," प्रेमा म्हणाली.

अंतरपाटाची दोन्ही टोकं खाली आली. धाकूने मान वळवली. "का? नवरीची हरकत आहे?"

"नवरीची नाही. माझी आहे. नंदू, पाठ फिरव."

"आई, काय..."

"फिरव म्हटलं ना."

नंदू फिरला. दीप्ती किंचाळली, "अरे, झब्बा!" त्यावर श्वेता म्हणाली, "वहिनी, तुमची पैठणी!" आणि मग जी धांदल उडाली ती विचारू नका. जो तो मान मोडेपर्यंत आपली पाठ बघायला गोल गोल फिरायला लागला. तुळशीचं लग्न राहिलं बाजूला, तुळशीभोवती चार जणांची फुगडी सुरू झाली. बाळकृष्ण तेवढा कोरडा.

"कुणी केलं हे?" नंदू ओरडला.

"मी," प्रेमा म्हणाली. "वन्संनी आणि मी. खळ विसरलो."

"ही विसारली," सुंदराबाई म्हणाली. "मी इचारलंय."

"ते राहू दे. आत काय ठरलं ते सांगा. एकेकाने."

शेवटी श्वेताच म्हणाली, "मी दीप्तीवहिनींना फोडत होते. म्हटलं, तुम्ही वीटकरीला हो म्हणा, म्हणजे आई-बाबा इथे परत येतील. त्या म्हणाल्या, लगेच."

"लगेच?" नंदूने बायकोकडे बघितलं.

"मग काय!" दीप्ती पदर झटकत म्हणाली, आणि झटकल्यामुळे पदरही लाल झाला. "मला बाबा आवडतात रे, पण ते रोज सकाळी गॅलरीत कबुतरांना दाणे घालतात. म्हणतात, ही माझीच आहेत, पाय बघ. माझे कपडे दोनदा धुवावे लागतात. आणि ते..." तिने पदर हातातून सोडला. "ते दिवाणावर भिंतीला चिकटून झोपतात. अर्धा दिवाण रिकामा ठेवून. मी एकदा म्हटलं, बाबा, ऐसपैस झोपा की. तर म्हणाले, सवय नाही."

प्रेमाने ताट खाली ठेवलं.

"तुम्ही तर मजेत होतात ना?"

"तू पण मजेत होतीस," धाकू म्हणाला. आवाज मंगलाष्टकांचा नव्हता. "रोज विचारत होतो. रोज तेच म्हणायचीस. म्हटलं, हिला वाकोला मानवलं. माझा स्वयंपाक नाही, माझ्या गोष्टी नाहीत. आता नंदूने विचारलं तेव्हा वाटलं, हिला परत ह्या जिन्यांना कशाला जुंपू? म्हटलं, बरं बाबा."

"मजेत?" सुंदराबाईने कपाळावर हात मारला. तिचं कपाळही लाल झालं. "खंयची मजेत! रोज रातीक झोपेत माका उठवन सांगता, अहो, पंखो बारीक करा. मी काय हिचो घोव आसंय?"

सौरभ फिस्सकन हसला. मग दीप्ती. प्रेमाला हसायचं होतं, पण डोळे आधी भरले, म्हणून तिने ते पदराने पुसले. त्या घरात त्या वेळी तेवढा एकच पदर स्वच्छ होता.

हसला नाही तो नंदू. उसाच्या कांड्याशी चाळा करत उभा राहिला.

"सगळ्यांना वाटतं मी घर भाड्याने द्यायला टपलोय," तो म्हणाला. "आई, बाबा पहिल्या माळ्यावर ऊस उंच होता म्हणून नाही थांबले. कठड्याला धरून थांबले. मी बघितलं. तुम्ही दोघंच इथे असणार आणि मी घाटकोपरला रात्रभर छताकडे बघत पडणार." मग मान खाली घालून म्हणाला, "आणि बाबा घरी असले ना, की मला ऑफिसातून सरळ घरी यावंसं वाटतं. नाहीतर मी स्टेशनच्या बाहेर चहा पीत उभा असतो. उगाच."

हे दीप्तीलाही नवीन होतं. आपल्या थोरल्याने आपल्याला वाकोल्याला धाडायचा घाट घातलाय, असं भाऊबीजेपासून मनात घोळवणाऱ्या प्रेमाला एकदम कसंसंच झालं. हा बापाला घेऊन जात नव्हता. ह्यालाच बापाला सोडवत नव्हतं.

"मग शनिवारी ये," ती म्हणाली. "शनिवारी, रविवारी, ऑफिस सुटल्यावर. घाटकोपर-मुलुंड काय समुद्रापलीकडे आहे? बाबांची गोष्ट इथे चालू राहील. दीप्तीचे कपडेही वाळतील."

"आणि जिना?"

"जिन्यात खुर्ची ठेवू," श्वेता म्हणाली. "पहिल्या माळ्यावर, खिडकीपाशी. बसायचं, गोष्ट सांगायची, मग उरलेला जिना चढायचा. मस्त लाल रंगाची खुर्ची. चष्मा नसला तरी दिसेल."

"सोसायटीत चालत नाही तसलं. सेक्रेटरी बोंब मारेल," नंदू म्हणाला.

मग त्यानेच ऊस भिंतीला टेकवला, झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या.

"सेक्रेटरीला मी बघतो," तो म्हणाला.

झालं. घाडीगावकरांच्या घरात ठराव असाच पास होतो.

*

"पण ती भिंत तरी दाखवा," सौरभ म्हणाला. "सगळे टेकलो, बघितली कुणीच नाही."

वायर लांब करून तो पिवळा बल्ब आतल्या खोलीत नेला. आणि सगळे दारातच थांबले.

गेरूने पाठी रंगवल्या होत्या, तशा पाठींनी गेरू उचलून नेला होता. लाल भिंतीवर फिकी माणसं उभी होती. तो नंदूचा रुंद खांदा. तो सौरभचा, नुसता स्पर्श केल्यासारखा. दोन बायका एकमेकींकडे कलून. आणि कडेला एक पंजा, वाकड्या करंगळीचा. काळोखात भिंत चाचपली होती धाकूने. बल्ब वायरला टांगल्यामुळे जरा हलत होता, आणि भिंतीवरची माणसं श्वास घेत होती.

नंदू पुढे झाला. त्याने खाली वाकून भिंतीला हात लावला, मग हात नाकाशी नेला.

"चाळीतली जमीन," तो म्हणाला. "मी गुडघ्यावर घसरत जायचो. आई ओरडायची, आत्ताच पुसलीय."

"अजून ओरडेन," प्रेमा म्हणाली.

"श्वेता, अख्खं घर असं केलंस तर मी येणार नाही हां. कुंकवाच्या डबीत बसल्यासारखं होईल."

"अख्खं नाही हो, दादा. ही एक भिंत, आणि स्वयंपाकघरातली फरशी. बाकी सगळं दुधावरच्या सायीसारखं. लाल एकटा बरा दिसत नाही, त्याला शेजारी शांत माणूस लागतं."

"तसं मग लग्नच म्हण की," धाकू म्हणाला, आणि इतका वेळ ताटकळलेल्या नवरीची सगळ्यांना आठवण झाली.

बल्ब परत हॉलमध्ये गेला. अंतरपाट वर गेला. धाकूने दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हटली, त्यांतल्या एकात जिन्यातली खुर्ची होती. या वेळी अक्षता अशा पडल्या की गोणी पांढरी की तांबडी ते कळेना. सौरभने दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.

मग ऊस सोलणं, चुरमुरे, आवाज. सुंदराबाई कपाळावरचा गेरू न पुसता नंदूला सांगत होती की वाकोल्याला दीप्तीला पाठव दोन दिवस, तिचे कपडे तिथे वाळतील, माझ्याकडे कबुतरं नाहीत. दीप्ती "येईन हो आत्या" म्हणत होती, आणि खरंच जाईल असं वाटत होतं.

प्रेमा आतल्या खोलीत आली. दारातून हॉलचा उजेड तिरपा आत येत होता, तेवढ्यात भिंत अंधुक लाल दिसत होती. धाकू तिथेच होता, आपल्या पंजाशेजारी पंजा धरून माप घेत.

"उद्या अंबादास येईल," ती म्हणाली. "धुऊन काढेल सगळं. मग नीट रंग."

"खळ घालून?"

"दुकानातला. त्याला लागत नाही खळ."

धाकू भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट. त्याने शेजारी जागा ठेवली होती. अर्धी.

प्रेमाने पदर सावरला. सबंध घरात तिचीच एक पाठ कोरी राहिली होती. ती वळली, आणि मुद्दाम, पुरती, टेकली.

"अहो."

"हं?"

"पाय लाल कसे झाले ते कळलं. पण कबुतरांच्या गळ्याला ती हिरवी झाक असते, ती कशी?"

धाकूने चमकून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने गोष्टीतलं पुढचं कधी विचारलं नव्हतं.

"ती हिरव्या कढईची गोष्ट," तो म्हणाला. "लांबलचक आहे."

"असू दे," प्रेमा म्हणाली. "मला कुठे जायचंय?"